जुना फ्लॅट, नवे मालक: दुरुस्तीबद्दल वाचकांचे प्रश्न

पुनर्विक्रीचा फ्लॅट घेऊन ‘थोडंसं काम करून राहायला जायचंय’ म्हणणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. बांधकाम, प्लंबिंग आणि वीज अशा तिन्ही बाजूंच्या आमच्या जाणकारांनी त्यांतल्या सहा पत्रांना उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: ठाण्यात १९९६ सालच्या इमारतीत ५८० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके घेतला. हप्ता सुरू झालाय, हातात पाचएक लाख आहेत. बाथरूम, फरशी, वायरिंग, ओटा, रंग सगळंच करावंसं वाटतं. सुरुवात कुठून करू?

सुरुवात सोसायटीच्या ऑफिसात करा. दोन कागद मागा: शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आणि गेल्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तुमची इमारत नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. इतिवृत्तात पुनर्विकासाचा ठराव दिसला, सल्लागार नेमल्याची नोंद दिसली, तर ग्रॅनाइट आणि मॉड्युलर किचनवर पैसे घालू नका. गळती थांबवा, वायरिंग सुरक्षित करा, रंग काढा आणि राहायला जा.

तसं काही नसेल, तर कामाची निवड एका कसोटीवर करा: जे नंतर करायचं म्हटलं तर पुन्हा तोडफोड करावी लागेल, ते आत्ता. यात बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, भिंतीतले पाइप, वायरिंग आणि ओट्याखालचं प्लंबिंग येतं. पडदे, दिवे, वॉर्डरोब, फॉल्स सीलिंग पुढच्या वर्षीही होतं. फरशी शाबूत असेल तर ती तशीच ठेवा. नुसत्या पॉलिशनेही मार्बल-मोझॅइक छान उजळतं. आणि एकूण रकमेच्या १५ टक्के बाजूला काढून ठेवा, कारण तोडल्यावर आत काय निघेल ते कोणीच आधी सांगू शकत नाही.

कामांचा क्रम बिघडला की एकच काम दोनदा करावं लागतं. आधी तोडफोड आणि डेब्रिज, मग पाण्याचे पाइप आणि वायरिंगच्या खाचा एकाच वेळी, त्यानंतर वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, टाइल्स, ओटा. मग पुट्टी आणि रंगाचा पहिला हात, त्यानंतर सुतारकाम, स्विच-दिवे, आणि शेवटचा हात सगळ्यात शेवटी. एसी आज घेणार नसलात तरी त्याची जागा आजच ठरवा. त्याच्या पाण्याचा पाइप ढाळासकट भिंतीत घालायला बहुतेक जण विसरतात आणि मग नव्या रंगावरून पांढरी नळी लोंबते. रिकाम्या घरात एवढ्या कामाला पाच-सहा आठवडे धरा. ‘पंधरा दिवसांत देतो’ म्हणणारा वाळण्याचे दिवस खातोय, हे समजून चाला.

प्रश्न: पुण्यात कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. ताबा मिळून आठवडा होत नाही तोच खालचे काका आले, त्यांच्या छताला ओल आहे. प्लंबर म्हणतो टाइल्सच्या फटींत केमिकल भरू, दोन तासांचं काम. भरावं का?

आधी पाणी येतंय कुठून ते शोधा. एवढ्यावर अर्धा खर्च वाचू शकतो.

चार-पाच दिवस ते बाथरूम पूर्ण बंद ठेवा, पण मुख्य व्हॉल्व्ह चालू राहू द्या. तरीही खालचा डाग ओलाच राहिला, तर दाबाखालचा पाइप गळतोय किंवा पाणी बाहेरच्या सामाईक पाइपातून येतंय. आता व्हॉल्व्हही बंद करा. डाग सुकू लागला तर दोष पाइपात. व्हॉल्व्ह बंद असूनही ओल वाढत असेल तर डक्टमधला उभा पाइप किंवा बाहेरची भिंत तपासा. सामाईक पाइप आणि बाहेरून झिरपणारं पावसाचं पाणी हा सोसायटीचा खर्च आहे. आतलं बाथरूम तुमचं. बाथरूम बंद ठेवल्यावर डाग सुकला आणि वापर सुरू होताच परत आला, तर पाणी फरशीतून किंवा नहाणी ट्रॅपच्या (जाळीखालच्या, सांडपाणी जायच्या भांड्याच्या) गळ्याशी उतरतंय. ट्रॅपमध्ये खाण्याचा रंग घातलेली बादली ओता. खाली रंग दिसला तर ट्रॅप किंवा त्यापुढचा पाइप दोषी.

फटींत केमिकल भरल्याने एक पावसाळा निघतो, फार तर दोन. कारण असं: जुन्या बाथरूममध्ये स्लॅब आणि टाइल यांच्यामध्ये विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. वर्षानुवर्षं त्यात पाणी मुरलेलं असतं. वरून फटी बंद केल्या की ते पाणी वर सुकू शकत नाही, खालीच उतरतं. म्हणूनच कधीकधी केमिकल भरल्यावर खालची ओल काही दिवस वाढलेली दिसते.

दोष फरशीचा ठरला तर नीट करायची पद्धत ही. ७ बाय ४ फुटांचं बाथरूम धरून हिशेब देतो.

टाइल्स, कोबा सगळं स्लॅबपर्यंत काढा. स्लॅबवर मोठा ब्रेकर नको, छोटं मशीन किंवा छिन्नी-हातोडा वापरा. सळई उघडी दिसली, गंजलेली असली, तर आधी ब्रशने साफ करून गंजरोधक लेप आणि पॉलिमर मॉर्टरने दुरुस्ती. नंतर ट्रॅप आणि पाइप कायमचे बसवायचे. स्लॅबमधून पाइप जातो तिथली पोकळी साध्या सिमेंटने भरली तर ते आकसतं आणि केसाएवढी फट राहते. बहुतेक गळत्या याच एका ठिकाणी असतात. तिथे न आकसणारं ग्राउट ओता. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात गोलसर वाटा (मॉर्टरची गोलाई) काढून घ्या, कारण काटकोनात लेप चिरतो.

आता लेप. पावडर आणि द्रव असे दोन भाग मिसळून लावायचं पॉलिमर-सिमेंटचं कोटिंग चांगलं. पृष्ठभाग ओलसर हवा, पण त्यावर पाणी साचलेलं नको. पहिला हात आडवा, चार-सहा तासांनी दुसरा उभा, आणि वाट्यात व ट्रॅपच्या गळ्याभोवती दोन हातांच्या मध्ये फायबरची जाळी. भिंतीवर सगळीकडे किमान एक फूट, शॉवरच्या दोन भिंतींवर सहा-सात फुटांपर्यंत लेप चढवा. तुमच्या मापात हे साधारण ९० चौरस फूट होतं. गवंडी फक्त जमिनीचे २८ फूट धरून माल आणतो, मग दुसरा हात पातळ होतो.

लेप डब्यावर लिहिलेले दिवस वाळू द्या. मग ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरा, साधारण १३० लिटर लागेल. भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा आणि ४८ तास तसंच ठेवा. चोवीस तासांनी आणि अठ्ठेचाळीस तासांनी खालच्या काकांच्या छताचा फोटो घ्या, शक्यतो त्यांच्यासमोर. ही चाचणी टाइल्स लावायच्या आधी घ्यायची. टाइल्स लावल्यावर पाणी भरून दाखवणारा गवंडी तुम्हाला काहीच दाखवत नसतो.

चाचणी झाल्यावर लेपावर लगेच संरक्षक मॉर्टरचा थर टाका, आणि त्यानंतर तिथे कुणालाही ड्रिल किंवा छिन्नी लावू देऊ नका. दहा दिवसांनी प्लंबर ‘ट्रॅप थोडा सरकवतो’ म्हणून येतो आणि नव्या लेपाला भोक पाडून जातो. ट्रॅपकडे ढाळ दर चार फुटांना १५ मिलिमीटर ठेवा. बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा १५ ते २० मिलिमीटर खालीच हवी.

भिंतीतले पाइपही बदलत असाल तर सीपीव्हीसीच्या (गरम पाणीही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपांच्या) जोडांना चोवीस तास द्या. मग हातपंपाने ७ किलोचा दाब चढवून रात्रभर ठेवा. सकाळी काटा तिथेच असेल तरच खाचा बुजवा. वॉल मिक्सरच्या दोन तोट्यांमधलं अंतर १५० मिलिमीटर, गरम पाणी डावीकडे. कमोड घ्यायच्या आधी तुमच्याकडे एस ट्रॅप (पाइप जमिनीत उतरतो) आहे की पी ट्रॅप (पाइप भिंतीत जातो), आणि एस असेल तर तयार भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत ९ इंच आहेत की १२, ते मोजून जा. दुकानात पसंत पडलेला कमोड घरी येऊन बसत नाही, त्याचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं.

प्रश्न: डोंबिवलीला फ्लॅट आहे. जुनी फरशी न काढता वर दुसरी टाइल बसवतात असं ऐकलं. स्लॅबवर वजन येत नाही का? टिकते का?

कशाने बसवता त्यावर आहे. जुन्या फरशीवर दीड इंच सिमेंट-रेतीचा थर टाकून नवी टाइल बसवली तर दर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास भार वाढतो. घरांसाठी माणसं-सामान मिळून साधारण दोनशे किलोचा भार धरून स्लॅब आखलेला असतो. त्यातला निम्मा फरशीवर घालवणं जुन्या इमारतीत आम्हाला पटत नाही. टाइल अॅडेसिव्हने बसवली तर टाइल आणि अॅडेसिव्ह मिळून तीसएक किलो होतात आणि उंची १३ ते १५ मिलिमीटर वाढते. ते चालतं.

अट ही की जुनी फरशी घट्ट हवी. नाणं किंवा हातोडीचं लाकडी टोक घेऊन प्रत्येक टाइल वाजवा. पोकळ आवाज येईल तिथे खडूची फुली करा. दहातल्या एक-दोन असतील तर तेवढ्या काढून मॉर्टरने भरा. तिसरा हिस्सा पोकळ असेल तर सगळी फरशी काढा. ४०० चौरस फुटांतली फरशी थरासकट काढली की चार टनांहून जास्त डेब्रिज होतं, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांच्या हिशेबात १३० ते १४० गोण्या. हमाली, लिफ्ट वापरायची सोसायटीची परवानगी आणि महापालिकेच्या ठरलेल्या जागी नेणारी गाडी, हे सगळं दरात आहे का ते विचारून घ्या.

विट्रिफाइड टाइल पाणी शोषतच नाही म्हटलं तरी चालेल, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे सिमेंटची पेस्ट तिला धरत नाही. वर्षभरात हॉलच्या मधोमध टाइल्स तंबूसारख्या उचलल्या जातात त्या याचमुळे, आणि टाइल्स एकमेकींना अगदी चिकटवून लावल्यामुळे. टाइलवर टाइलसाठी पॉलिमर जास्त असलेलं, आयएस १५४७७ या भारतीय मानकाप्रमाणे टाइप तीनचं अॅडेसिव्ह घ्या. दातेरी थापीने पसरा, टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्या, दोन मिलिमीटरचे स्पेसर घाला आणि भिंतीलगत पाच-सहा मिलिमीटर मोकळी सोडा; ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. ४०० चौरस फुटांना २० किलोच्या १२ ते १४ पिशव्या लागतील. दोन बाय दोनच्या टाइल्सच्या पेटीत चार नग, म्हणजे १६ चौरस फूट. वाया जाणारा माल धरून २८ पेट्या घ्या, आणि सगळ्यांवर शेड आणि बॅच नंबर एकच आहे ते दुकानातच पाहा. दारं खालून कापावी लागतील. मुख्य दाराच्या उंबऱ्याशी आणि बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या पट्टीशी उंची कशी जुळवणार, ते पहिली टाइल बसायच्या आधी ठरवा.

प्रश्न: इलेक्ट्रिशियन म्हणतो वायरिंग ठीक आहे, फक्त स्विच आणि बोर्ड बदलू. फ्लॅट पंचवीस वर्षांचा, नाशिक. आम्हाला दोन एसी, गिझर आणि इंडक्शन लावायचंय.

ठीक आहे हे त्याने कशावरून ठरवलं ते विचारा. बोर्ड उघडून तीन गोष्टी बघायच्या: वायर तांब्याची की अॅल्युमिनियमची, इन्सुलेशन बोटाने वाकवल्यावर तडकतं का, आणि प्रत्येक सॉकेटला खरोखर अर्थिंगची हिरवी वायर पोचली आहे का. जुन्या घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते, किंवा ती न्यूट्रलला जोडून ठेवलेली असते. हा दुसरा प्रकार जिवावर बेततो.

तुमच्या यादीसाठी नवीन वायरिंगच करा. दिव्या-पंख्यांना दीड एमएम वायर आणि १० अँपिअरची एमसीबी, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच एमएम आणि १६ ची एमसीबी, एसी आणि गिझरला प्रत्येकी स्वतंत्र चार एमएम आणि २० ची. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवते, उपकरणाला नाही. म्हणून ‘सारखी पडते’ म्हणून दीड एमएमच्या वायरवर २० ची एमसीबी बसवली की संरक्षणच गेलं. दोन हजार वॅटचा इंडक्शन जवळपास ९ अँपिअर ओढतो. तो आणि मायक्रोवेव्ह एकाच लाइनवर नको. स्वयंपाकघराला दोन वेगळ्या लाइन्स द्या.

मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ, हवीच. बाथरूममध्ये ओल्या हाताने शॉक बसला तर माणूस वाचतो तो हिच्यामुळे. जुन्या वायरिंगवर ती बसवली की सतत पडते, आणि मग इलेक्ट्रिशियन ती बायपास करून देतो. पडण्याचं एक कारण म्हणजे एका लाइनचा न्यूट्रल दुसरीकडून उसना घेतलेला असतो. प्रत्येक लाइनला तिचा न्यूट्रल दिला की तो प्रश्न मिटतो. बसवल्यावर टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं.

वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. तुमच्या यादीसमोर तो दोन-तीन किलोवॉटचा असेल तर भार वाढवण्याचा अर्ज आत्ताच टाका. खाचा हातोड्याने नाही, कटरने, आणि उभ्या मारायला सांगा. बीम-कॉलमला कटर लागता कामा नये. प्लास्टरने बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा. पुढे फळी ठोकताना ड्रिल कुठे नको, ते त्यावरून कळेल.

प्रश्न: खारघरला तीन वर्षांपूर्वीच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. किचन आणि हॉलमधली भिंत काढून ओपन किचन करायचं आहे. आतली भिंत आहे, मग अडचण काय?

अडचण ही की अलीकडच्या बऱ्याच टॉवरमध्ये ती भिंत विटांची नसतेच. मायवान, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यांच्या पद्धतीत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या ओततात आणि त्या इमारतीचं वजन पेलतात. तिथे भिंत काढणं तर सोडाच, वायरिंगसाठी खोल खाचही मारायची नाही, सळई कापली जाते.

ओळखायचं असं: कपाटामागे न दिसणाऱ्या जागी बारीक ड्रिल घाला. पहिला इंचभर प्लास्टर असू शकतं, ती भुकटी धरू नका. त्यापुढे लाल भुकटी आली तर वीट, पांढरट मऊ आली तर हलका ब्लॉक. करडी भुकटी येऊन ड्रिल किंचाळत अडलं, की काँक्रीट. तिथेच थांबा. वीट किंवा ब्लॉक निघाला तरी सोसायटीचं लेखी पत्र, नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरचा दाखला आणि महापालिकेत विचारणा, या तिन्हींशिवाय हातोडा उचलू नका. शिवाय रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते. तुम्ही भिंत पाडलीत की त्याला अंग काढून घ्यायला आयतं कारण मिळतं.

गॅसचा पाइपही याच कामात सरकवायचा विचार असेल तर तो गॅस कंपनीकडे अर्ज करूनच. आपला प्लंबर नको, आणि पाइप टाइल्सच्या आत गाडणं तर नकोच. ओट्याची उंची जो जास्त वेळ उभा राहतो त्याच्या कोपरापेक्षा तीन-चार इंच कमी, म्हणजे बहुतेक घरांत ३३ ते ३५ इंच. सिंकखालचं कपाट आयएस ७१० च्या मरीन प्लायचं. बाकी कपाटांना एवढं महाग प्लाय लागत नाही.

प्रश्न: ताबा जूनमध्ये मिळणार. पावसाळ्यात काम काढावं की दिवाळीपर्यंत थांबावं? कंत्राटदार एकरकमी भाव सांगतो आणि निम्मे पैसे आगाऊ मागतो.

तोडफोड, प्लंबिंग, वायरिंग, बाथरूम पावसात खुशाल करा. बाहेरच्या भिंतींवरची पुट्टी, जिप्सम आणि रंग थांबवा. ओल्या भिंतीवर लावलेल्या पुट्टीचे दिवाळीपर्यंत पोपडे निघतात, आणि लोणा फुटलेल्या भिंतीवर ‘डॅम्पप्रूफ’ रंग आतून लावला तर पाणी शेजारच्या कोपऱ्यातून बाहेर येतं. ती गळती बाहेरूनच बंद करावी लागते. जोराचा पाऊस झाल्यावर दर वेळी ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. ऑक्टोबरमध्ये बाहेरचा माणूस दोरीवर चढेल तेव्हा त्याला खिडकीची कड, सज्जा की पाइपाची क्लॅम्प, नेमकं काय बघायचं ते या रेघांवरून सांगता येईल.

एकरकमी भाव नको. तोडफोड आणि डेब्रिज, वॉटरप्रूफिंग, टाइल्सची मजुरी, प्लंबिंगचे पॉइंट, वीजेचे पॉइंट असे वेगळे दर लिहून घ्या. मालाचं नाव आणि ग्रेडही. मजुरी मोजमापावर द्यायची असेल तर खिडकी-दाराची वजावट होणार का ते आधीच लिहा, भांडणं तिथेच होतात. आगाऊ दहा-पंधरा टक्के पुरतात. पुढचा एक हप्ता ४८ तासांच्या पाण्याच्या चाचणीनंतर, एक दाबाच्या चाचणीनंतर, आणि शेवटचे दहा टक्के राहायला गेल्यावर महिन्याने.